नवी पोरं कामावर टिकावीत म्हणून तुम्ही नक्की काय करता? (कुंडईहून, जरा लांबलचक)

वर्कशॉपवाला

नमस्कार मंडळी. गोव्यात कुंडई औद्योगिक वसाहतीत माझं छोटं मशीन शॉप आहे. चार सीएनसी (संगणकावर चालणारी मशीनं), दोन जुने लेथ, एक मिलिंग. मला धरून एकवीस माणसं. १९ वर्षं झाली हा धंदा करतोय. गेल्या दोन वर्षांत पंचविशीच्या आतली नऊ मुलं घेतली, बहुतेक फर्मागुडीच्या आयटीआयमधून आलेली. त्यातली सहा वर्ष पुरं व्हायच्या आत गेली.

मीही बाकीच्या मालकांसारखंच बोलत आलो. आजकालच्या पोरांना कष्ट नकोत, सगळ्यांना सरकारी नोकरी हवी, नाहीतर पोर्तुगीज पासपोर्ट. वसाहतीत चार मालक चहाला जमले की हाच विषय. गेल्या महिन्यात मात्र एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून मला हे वाक्य बोलवत नाही.

विशीतला एक मुलगा माझ्याकडे चार महिने होता. शांत, वेळेवर येणारा. एका दुपारी इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलल्यावर पहिला जॉब मोजून त्याने वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे टूलच्या झिजेची दुरुस्ती मशीनला सांगायच्या जागी, आकडा भरला. ०.२ भरायचा होता, दशांशचिन्ह राहिलं आणि २ गेला. टूल जॉबमध्ये जवळजवळ दोन मिलिमीटर जास्त घुसलं. इन्सर्ट फुटला, होल्डर वाकला, आणि तो आवाज तर कॅबिनमध्ये बसून माझ्याही छातीत घुमला. सुपरवायझर धावत आला आणि सगळ्या शॉपसमोर त्याला नको नको ते बोलला. "गाढवाक काम दिल्लें बरें," इथपर्यंत. मी काचेतून बघत होतो, बाहेर आलो नाही. वाटलं, सुपरवायझरच्या कामात मालकाने पडू नये.

पोरगा मशीनसमोर उभा होता. हातातलं व्हर्नियर त्याने पुसलं, डबीत ठेवलं, डबी बंद केली. सुट्टी झाली तेव्हा बाकीच्यांच्या मागून गेला. दुसऱ्या दिवशी फोन आला, "पात्रांव (मालक), म्हाका जमना."

हिशेबाचे पैसे द्यायचं निमित्त काढून मी त्याच्या घरी गेलो. आईने चहा दिला. बराच वेळ तो काही बोलेना. मग म्हणाला, "ऑफसेट कसा भरायचा ते मला कुणी बसून शिकवलंच नव्हतं. बघून शीक म्हणाले. बघत होतो तेव्हा सगळे घाईत असायचे. विचारलं तर म्हणायचे, आयटीआयमध्ये काय केलंस?"

घरी येऊन मी हिशेब मांडला. होल्डर आणि इन्सर्ट मिळून साडेतीन हजार. तो मुलगा घडवायला गेलेले चार महिन्यांचे पगार, त्याच्या जागी नवा येईपर्यंत बंद राहिलेलं मशीन (तासाला साडेपाचशेचा माझा दर आहे), त्यामुळे लांबलेली ऑर्डर, हे सगळं धरलं तर आकडा लाखाच्या वर गेला. असे सहाजण गेलेत.

इथे कारखान्यातले, हॉटेलातले, फार्मातले, सगळे लोक आहेत. पगार थोडा वाढवता येईल, मोठ्या कंपनीइतका देणं मला परवडत नाही. ते सोडून काय काय करता येतं? आणि जे तरुण वाचतायत त्यांनी तर जरूर लिहा. तुम्ही नोकरी सोडलीत तेव्हा खरं कारण काय होतं? राजीनाम्यात लिहिलेलं कारण नको.

---

वेर्ण्याची लॅब

तुम्ही त्याच्या घरी गेलात हे वाचून बरं वाटलं. माझ्या घरी कुणी आलं नव्हतं.

मी २६ वर्षांची. वेर्ण्याला औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. ही माझी दुसरी कंपनी. पहिली मी ११ महिन्यांत सोडली. राजीनाम्यात "घरगुती कारण" लिहिलं होतं. सगळे तेच लिहितात.

खरं कारण शिफ्टचं. सोमवारपासूनची ड्युटी शनिवारी संध्याकाळी फळ्यावर लागायची. त्यामुळे पुढच्या आठवड्यात मी रात्री लॅबमध्ये असेन की घरी, हे आईला सांगता यायचं नाही. मैत्रिणीचं लग्न, डॉक्टरची वेळ, बाहेरून करत असलेल्या एम.एस्सी.ची परीक्षा, कशाचाच बेत करता यायचा नाही. रात्रपाळीची तक्रार नव्हती माझी. पंधरा दिवस आधी कळली असती तर मी आनंदाने केली असती.

दुसरं म्हणजे, मी अकराही महिने एकच टेस्ट करत होते. रोज तेच सॅम्पल, तेच एचपीएलसी (औषधात काय किती आहे ते मोजणारं मशीन). पुढे काय, असं साहेबांना विचारलं तर म्हणाले, "मन लावून काम करत रहा, आपोआप कळेल." आपोआप काही कळलं नाही.

आताच्या कंपनीत पहिल्याच दिवशी एका सीनियर ताईंच्या हाती सोपवलं. तीन महिने मी त्यांचीच. त्यांची एक जुनी वही आहे, कोपरे झिजलेले. स्वतः केलेली प्रत्येक चूक त्यांनी त्यात तारखेसकट लिहिली आहे. कुठला बफर चुकीच्या पीएचचा झाला, कुठला कॉलम कशाने खराब झाला, सगळं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी ती वही मला वाचायला दिली. इतक्या हुशार बाईनेही हे सगळं केलंय हे बघितल्यावर माझी भीती अर्धी झाली. त्यानंतर एकदा माझ्याकडून डायल्यूशन चुकलं, तेव्हा मी लपवलं नाही, सरळ जाऊन सांगितलं. औषधाच्या कामात चूक लपवली तर काय होऊ शकतं ते इथे सांगायला नको.

आता तीन वर्षं झाली. मध्ये जास्त पगाराची एक ऑफर आली होती, गेले नाही.

---

सत्तरीचा

धागाकर्ते, बसबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

मी वाळपईजवळचा. दोन वर्षं तुमच्याच बाजूच्या एका कारखान्यात होतो, नाव लिहीत नाही. सकाळी आठची शिफ्ट. घरून साडेपाचला निघायचं, वाळपई ते तिस्क-उसगाव, तिथून फोंडा, फोंड्याहून पणजीची बस पकडून कुंडईच्या थांब्यावर उतरायचं आणि वसाहतीपर्यंत चालायचं. एक बस चुकली की अर्धा दिवस कापायचे. परत जाताना त्याहून वाईट. सात वाजता ओव्हरटाइम संपला की आमच्या बाजूची शेवटची बस मिळेल का, एवढंच डोक्यात. शेवटचा अर्धा तास मशीनकडे लक्षच नसायचं. चुका होतात त्या अशाही होतात.

बाईक घ्यावी म्हणून बँकेत गेलो. त्यांनी नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या मागितल्या. माझ्याकडे चौदा महिने नेमणूकपत्रच नव्हतं. मागितलं की "करूया रे, कुठं पळतंय" म्हणायचे. कर्ज मिळालं नाही.

आता सरकारी नोकरीचं. तुम्ही पोरांना दोष देता, पण घरातलं बघा. माझ्या वडिलांचा खाणीवर ट्रक होता. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. मधे थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये कोर्टाच्या निकालाने पुन्हा बंद. ट्रकचे हप्ते भरता भरता आईची पाटली गेली. ज्या घराने हे बघितलं आहे त्या घरात बाप मुलाला काय सांगणार? खाजगीत आज आहे, उद्या नाही. मी परीक्षा दिली आणि क्लार्क झालो. खरं सांगतो, मशीनवरचं काम मला या कामापेक्षा जास्त आवडायचं. अजून कुणाच्या दारात टर्न केलेली बिजागरी दिसली की बोट फिरवून फिनिश बघतो.

हातात कागद असता आणि घरी जायची सोय असती तर मी राहिलो असतो. हे मालकांनी वाचावं म्हणून लिहिलं.

---

मनुष्यबळ

वरच्या प्रतिसादाला धरून कायद्याचं थोडं सांगते. मी गेली १४ वर्षं एचआरमध्ये आहे.

नेमणूकपत्र ही आता मालकाची मर्जी राहिलेली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कामगाराला आता एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी लागू होते, कायम कामगाराला पूर्वीसारखीच पाच वर्षं. काम सोडलेल्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा.

धागाकर्त्यांकडे २१ माणसं म्हणजे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागतोच. २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना तो आहे, कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. पण किती मुलांना त्याचं कार्ड कसं वापरायचं हे माहीत असतं? मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात ईएसआयच्या दवाखान्यात एकदा प्रत्यक्ष घेऊन जाते. तासाभराचं काम. आजारी पडल्यावर त्यांना कळतं की पगारातून कापलेले पैसे कुठे जातात.

शिकाऊ उमेदवारांचा रस्ताही बघा. तीस किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ घेणं सक्तीचं आहे, एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के. तुमच्यासारख्या लहान ठिकाणी ऐच्छिक. विद्यावेतनाचा काही भाग केंद्राच्या योजनेतून मिळतो. मात्र शिकाऊ म्हणून घेऊन झाडू मारायला लावायचं असेल तर कृपा करून घेऊ नका. हे मी फार ठिकाणी बघितलंय आणि फार चिडते यावर.

मुली घेणार असाल तर दहा किंवा जास्त माणसं असल्याने २०१३ च्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवी, आणि बंद होणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह. दुसरी गोष्ट मी पहिल्या भेटीतच बघते.

---

फोंड्याचा जुना

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. वय ५८. आम्हाला उस्तादाने कानफटात मारून शिकवलं. पाना चुकीचा दिला की तोच पाना पाठीत. आम्ही पळालो नाही. आजची मुलं एक शब्द ऐकून घेत नाहीत. मशीन चालू असताना एका हातात मोबाइल. उद्या बोट गेलं तर मालक तुरुंगात. मग ओरडायचं नाही तर करायचं काय? प्रत्येकाच्या घरी जाऊन चहा प्यायचा?

---

ब्रेकशिफ्ट

@फोंड्याचा जुना, काका, तुमचा मान ठेवून लिहितो. मी कळंगुटच्या बाजूला हॉटेलच्या किचनमध्ये आहे, २२ वर्षं. कॉमी, म्हणजे हाताखालचा आचारी, म्हणून लागलो, आता किचन माझ्या हाती आहे. मलाही असंच शिकवलं. गरम पळीचा डाग अजून मनगटावर आहे. मी राहिलो कारण घरी दुसरा मार्गच नव्हता. माझ्याबरोबर लागलेले चौघे होते, त्यांतले तिघे माझ्यापेक्षा चांगले हात असलेले होते. ते गेले. जो टिकला त्याचीच गोष्ट सगळ्यांना ऐकू येते, गेलेल्यांची कुणी विचारत नाही.

मोबाइलचं तुमचं बरोबर आहे. आमच्याकडे कपाट आहे, शिफ्टला आलं की फोन त्यात. माझाही त्यात. शेफचा फोन खिशात आणि पोरांचा कपाटात असं केलं असतं तर दोन दिवस चाललं नसतं.

आता आमच्या धंद्यातलं सांगतो. हॉटेलात पोरं दोन गोष्टींनी जातात. एक ब्रेक शिफ्ट. सकाळी सात ते अकरा, मग संध्याकाळी सहा ते रात्री अकरा. मधल्या वेळात घरी जाता येत नाही, झोपायला जागा नाही, पोरं किनाऱ्यावर माडाखाली पडून असतात. कागदावर नऊ तास, प्रत्यक्षात सोळा. मी मालकाच्या मागे लागून आठवड्यातून तीनच दिवस ब्रेक शिफ्ट केली आणि एक खोली मिळवली, पंखा आणि सहा गाद्या. दुसरं काही केलं नाही. त्या वर्षी पावसाळ्यानंतर सगळी पोरं परत आली. सीझन संपला की मेमध्ये जातात ती ऑक्टोबरला परत येतील याची खात्री आमच्या धंद्यात कुणालाच नसते, म्हणून हे सांगतोय.

दुसरी गोष्ट चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. गोव्यात नोकरी करणाऱ्या पोराला चवथीला घरी जायला मिळालं नाही तर तो तुमच्याकडे राहणार नाही, हे लिहून ठेवा. गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधायला घरात तो एकटाच उंच असतो! पूर्वी ऐनवेळी शेफच्या मर्जीने रजा मिळायची, मर्जीतल्यांना पाच दिवस, बाकीच्यांना काही नाही. आता जूनमध्येच सगळे एकत्र बसून ठरवतो. ज्यांच्या घरी दीड दिवसाचा गणपती आणि ज्यांच्या घरी पाच दिवसांचा, त्यांचा मेळ घालतो. ख्रिश्चन पोरं चवथीला जास्त ड्युटी घेतात, नाताळला हिंदू पोरं त्यांची भरपाई करतात. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेला धोंड (व्रत पाळणारे भक्त) असलेले दोघे आहेत, त्यांचे दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर लाल करतो. यादी भिंतीवर लागते. भिंतीवर लागलेली यादी मीही बदलत नाही.

---

आबोली

मी नोकरी करत नाही, एक आई म्हणून लिहिते. माझा मुलगा आता इंग्लंडमध्ये स्विंडनला आहे. त्याच्या आजोबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीज राजवटीतला, त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्ट झाला. तिथे तो गोदामात काम करतो, इथे शिकला होता डिप्लोमा. पैसा हे कारण आहेच, ते नाकारत नाही. पण इथल्या सात महिन्यांत तो घरी येऊन जेवायचासुद्धा नाही नीट. विचारलं तर म्हणायचा, "आई, तिथे मला नावाने कुणी हाक मारत नाही. ए नवा, एवढंच." सात महिने नवाच होता तो.

@वर्कशॉपवाला, त्या मुलाच्या आईला तुमचं येणं लक्षात राहील.

---

मोपाजवळ

पेडण्याहून एक भर. ५ जानेवारी २०२३ ला मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्याकडची बरीच मुलं तिथे लागली. माझा पुतण्या म्हापशाच्या बाजूला हजार रुपये जास्त मिळत होते ते सोडून मोपाला गेला. कारण काय तर घरापासून वीस मिनिटं. पणजी-पर्वरीला खोली घ्यायची तर भाड्यातच निम्मा पगार जातो, पर्यटकांना देऊन जास्त मिळतं म्हणून घरमालक आपल्या मुलांना देत नाहीत. तेव्हा मालकांनी मुलगा घेताना तो कुठून येणार हे आधी विचारावं. गुणपत्रिका नंतर बघावी.

---

वर्कशॉपवाला

तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचे प्रतिसाद छापून घेतले होते. ते घेऊन सुपरवायझरबरोबर बसलो. कामाच्या वेळात नव्हे, रविवारी त्याच्या घरी, मडकईला.

आधी तो रागावला. मग बराच वेळ गप्प राहिला, आणि जे बोलला ते मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. तो म्हणाला, "पात्रांव, मी सेटर (मशीन लावून देणारा) चांगला होतो म्हणून तुम्ही मला सुपरवायझर केलंत. माणसाला कसं शिकवायचं हे मला कुणी सांगितलं? डिस्पॅच चुकला तर तुमचा फोन मला. रिजेक्शन झालं तर तुम्ही मला विचारता. पोर शिकलं की नाही, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत?"

विचारलं नव्हतं. १९ वर्षांत एकदाही नाही. पोरं का जातात याचं उत्तर मी पोरांमध्ये शोधत होतो, आणि ज्याच्या हाताखाली ती राहतात त्या माणसाकडे माझं लक्षच नव्हतं. तो चव्वेचाळीस वर्षांचा, दोन्ही बाजूंनी दाबलेला. तरुण मुलांसाठी काही करायचं असेल तर सुरुवात त्याच्यापासून करावी लागेल, हे मला त्या रविवारी पटलं.

म्हणून आता असं ठरलंय. बुधवारी सकाळी आठ ते नऊ एक सीएनसी बंद. त्या तासात उत्पादन नाही, फक्त शिकवणं, आणि त्या तासाचे साडेपाचशे माझ्या खात्यात, त्याच्या आकड्यांत धरायचे नाहीत. नव्या मुलाला तीन महिने एकाच जुन्या कामगाराबरोबर ठेवायचं आणि त्या कामगाराला महिना आठशे जास्त. चूक झाली तर आधी मशीन थांबवायचं, मग बाजूला नेऊन बोलायचं. वेर्ण्याच्या ताईंची वही मला फार आवडली. आम्हीही एक आणली आहे. पहिल्या पानावर सुपरवायझरने स्वतःच्या हाताने २००९ सालची स्वतःची चूक लिहिली. लेथच्या चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या भागात) किल्ली विसरून स्पिंडल चालू केला होता, किल्ली उडून पत्र्याला भोक पडलं होतं. ते भोक अजून आहे, पोरं जाऊन बघून आली.

नेमणूकपत्रं सगळ्यांना दिली. दोघांची राहिली होती, हे लिहायला लाज वाटते. ड्युटी पंधरा दिवस आधी लागते. चवथीची यादी यंदा जूनमध्ये.

@फोंड्याचा जुना, मोबाइलसाठी कपाट केलंय, माझा पण आत. कॅबिनमध्ये लँडलाइन आहे, तातडीचं काही असेल तर घरचे त्यावर करतात.

तो मुलगा परत आला नाही. सुपरवायझर स्वतः त्याच्याकडे जाऊन आला. मुलगा डिचोलीत, घराजवळ लागलाय, खूश आहे. जाताना त्याने सुपरवायझरला विचारलं, "होल्डर सरळ झाला का?" होल्डर सरळ होत नाही, नवा आणावा लागतो. ते मी त्याला सांगितलं नाही, असं सुपरवायझर म्हणाला.

---

फोंड्याचा जुना

किल्लीवालं वाचलं. माझ्याकडून १९९१ मध्ये हेच झालं होतं. उस्तादाला कधी सांगितलं नाही, पत्रा रंगवून टाकला. इथे पहिल्यांदा लिहितोय. बुधवारच्या तासाला जुना माणूस चालणार असेल तर सांगा. लेथवर थ्रेड कापायला मी शिकवीन. पैसे नकोत.

---

वर्कशॉपवाला

काका, या बुधवारीच या. आठच्या आधी या म्हणजे चहा होईल.

@सत्तरीचा, बसचं एकट्याला परवडत नव्हतं. बाजूच्या दोन कारखान्यांशी बोललो, आमची मिळून सत्तरी-उसगाव बाजूची अकरा मुलं होतात. सोळा सीटची गाडी ठरवलीय, तिस्क-उसगावहून सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी, फोंडा करून कुंडई. संध्याकाळी सव्वासातला परत. पाच सीट रिकाम्या आहेत. वसाहतीत कुणाची मुलं त्या बाजूने येत असतील तर मला व्यक्तिगत निरोप करा, महिन्याचा खर्च माणशी वाटून घेऊ. गाडी एक तारखेपासून सुरू होतेय.